बाटलीवरचं गाव

नोकरीतलं लई काही इसरले मी, पर ती द्राक्षाच्या दारूची केस काही इसरली न्हाई. खून बघितले, हिरीतून मढी काढली, एकदा तर बाजारात खिसेकापूला पळत जाऊन धरलं बी. ते सगळं आता धुरकट झालंय. आन ही बाटलीवरच्या कागदाची साधी केस, ती मातर डोळ्यापुढून हालत न्हाई.

कुणाचं नाव घेणार न्हाई. त्यातली काही माणसं आजूक हाईत, त्यांची लेकरंबाळं हाईत. गाव बी सांगत न्हाई. करजगीकडं जाणाऱ्या वाटंवरचं एक शिवार म्हणा.

मी शिकलेली लई न्हाई. माहेर दुबलगुंडीकडचं. सातवीपस्तोर साळा, मग लगीन. मालक पोलिसात व्हते. बंदोबस्ताला जाताना जीप पलटली, त्यात गेले. दोन लेकरं पदरात. खात्यानं मला ठाण्यात घेतलं, पर झाडलोटीला आन चहापाण्याला. दहावी बाहेरून काढली तवा अंगावर वर्दी आली. पहिल्या दिशी ती वर्दी घालून आरशात बघितलं तर मालकच उभे हाईत असं वाटलं. रडाय येळ न्हवता. रोलकॉलची शिट्टी झाली व्हती.

ठाण्यात बाईमाणूस मी एकलीच. बायांसाठी संडास न्हवता, शेजारी एक मास्तरीणबाई राहायच्या त्यांच्याकडं जायाचे. सकाळी रोलकॉल, मग पहाऱ्याला सेंट्री कोण, समन्स कुणाकडं, कोर्टात कोण, ते साहेब वाटून द्यायचे. वायरलेस सारखा खरखर करायचा. त्या आवाजात बी मला झोप लागायची, आन त्यातून आमच्या ठाण्याचं नाव आलं की टक्कन जाग यायची. सगळे मला अक्का म्हणायचे. आरोपी बी अक्काच म्हणायचे. आता घरात शांत हाय तर झोप येत न्हाई. काय सांगावं.

आमचे पीएसआय साहेब तरणे व्हते, मैसूरकडचे. चांगला माणूस. मराठी एक अक्षर न्हाई. त्यामुळं मराठी बोलणारं कुणी तक्रारीला आलं की साहेब हाक मारायचे, मग मी मधी बसून इकडचं तिकडं करायचे.

तसाच एक दिशी एक म्हातारा आला. पांढरी टोपी, धोतर, काखेत टावेलात गुंडाळलेलं काहीतरी. वरच्या अंगाला, महाराष्ट्रात, द्राक्षाचं एक खोरं हाय, तिथला बागायतदार. भाचीच्या लग्नाला कलबुर्गीला आलता. तिथं एका हॉटेलात त्याला त्याच्याच खोऱ्याचं नाव लिवलेली वाईनची बाटली दिसली. त्यानं इकत घेतली, उघडली, वास घेतला, आन लगीन सोडून निघाला. हॉटेलातल्या पोऱ्यानं सांगितलं म्हणं, माल करजगीच्या वाटंवरल्या बेदाण्याच्या शेडातून येतो. बेदाण्याच्याच खोक्यात.

त्यानं टावेल सोडला, बाटली टेबलावर ठेवली. सोनेरी अक्षरं, इंग्रजी, डोंगराचं चित्र. म्हणाला, ही आमची न्हाई.

आमचा रायटर, म्हंजे ठाण्यातलं लिवायचं काम करणारा हवालदार, हसाय लागला. "दारूला बी गाव असतंय का अप्पा? चढली म्हंजे झालं की."

म्हातारा रागावला न्हाई. त्यानं रायटरला इचारलं, "हवालदार, तुमच्या बिदरची सुरई कुणी परगावात पत्र्याची केली, काळा रंग मारला आन बिदरची म्हणून विकली, तर चालेल का तुम्हाला?"

रायटर बिदरचाच. त्याचं हसू बंद झालं.

मग म्हाताऱ्यानं नेम सांगितले, मी ते साहेबाला कन्नडात सांगत गेले. खोऱ्याच्या नावाची सरकारात नोंद हाय. त्या नावानं वाईन इकायची तर द्राक्षं त्याच खोऱ्यातली पायजेत. गाळायची तिथंच, मुरवायची तिथंच, बाटलीत भरायची बी तिथंच. वरच्या कागदावर द्राक्षाची जात, साल, कुठं भरली, कवा भरली, समदं खरं लिवायचं. दुसऱ्या रानाचं एक टोपलं बी मधी घातलं तर ते नाव लावता येत न्हाई. आमी सगळेच नवलानं ऐकत व्हतो. मला तर माणसाच्या सोयरिकीचे नेम ऐकल्यावाणी वाटलं.

शेवटाला म्हातारा म्हणाला, "पंचवीस वर्सं लागली बाई आम्हाला ते नाव कमवायला. एका घाणेरड्या बाटलीनं जातंय ते."

साहेबांनी अबकारी खात्याला फोन केला. दारूचं काम त्यांचं, पर खोट्या नावानं फसवणूक झाली की ते आमचं बी हुतंय. दोन्ही खात्यांनी मिळून जायाचं ठरलं. शेडात बाया कामाला हाईत म्हणून मला संगं घेतलं. छाप्यात बाईला हात लावायचा तर बाईच लागती, हा कायदा.

हिवाळा सरत आलता. शेडाच्या म्होरं बेदाण्याच्या जाळ्या टांगलेल्या, हिरवं कापड, समदं बरोबर. मागं एक पत्र्याचं दार. ते उघडलं तर आंबूस वास नाकात गेला. निळी पिंपं रांगंनं. बाया पाय लांब सोडून बसलेल्या, एक बाटली धुवायली, एक भरायली, एक कागद चिटकवायली. शेवटाची बाई रबरी शिक्क्यानं त्या कागदावर तारीख मारायली. आमाला बघून सगळ्यांनी आधी पदर डोक्यावर घेतला. दोघी तिघींच्या मांडीवर लेकरं झोपलेली. पळाली कुणीच न्हाई. पळायचं असतंय हेच त्यांना ठावं न्हवतं.

मुकादम बाई उठून उभी राहिली. तिच्या कंबरंला चावी. तिचं नाव मी शांता म्हणते, खरं येगळं हाय. जवळच्याच वस्तीतली, बौद्ध घरातली, पन्नाशीची असंल. नवरा कवाच गेलता, लेकरू न्हाई, घरी आंधळी सासू. सगळ्या बाया तिनंच कामावर आणलेल्या. वस्तीत कुणाला काम लागलं की शांताबाईकडं जा म्हणायचे.

पंचनामा झाला, पिंपं सील केली, बाटल्या जप्त केल्या. दुसऱ्या दिशी त्या धंद्याचा मालक वकिलाला घिऊन ठाण्यात आला. बाहेरचा माणूस, मोठ्या शहरातला, बोलणं गोड. त्याचं म्हणणं एकच. शेड मी भाड्यानं घेतलंय ते बेदाण्याला. मी फोनवर धंदा करतो. त्या रानात मी आजपस्तोर पाऊल ठेवलेलं न्हाई. चावी त्या बाईकडं, माणसं तिची, मागं तिनं काय केलं ते मला काय म्हाईत. कागदावर बी त्याचं कुठं बोट दिसंना. हॉटेलवाल्यांना माल पोचवणारा टेम्पोवाला पळून गेलता.

मग साहेब आन मी शांताच्या घरी गेलो. बाईमाणसाची चौकशी शक्यतो तिच्या घरीच करायची असती, साहेब ते नेमानं पाळायचे. कुडाचं घर, सारवलेलं. सासू कोपऱ्यात बसून शेंगा फोडायली. शांतानं आमाला गुळाचा चहा केला, आन कुणी काही इचारायच्या आधीच सांगाय सुरवात केली.

द्राक्षं मीच आणली. मीच पिंपात घातली. साखर मीच घातली. कागद मीच छापून आणले. बाटली अन् बाटली माझ्या हातची. मीच इकली. ह्या बायांना काही ठावं न्हवतं, त्या रोजगारी. मालकाला बी ठावं न्हवतं.

साहेब खुश झाले, इतक्या लवकर केस उलगडली म्हणून. मला मातर ते पटंना. तेवढ्या वर्सांत एक शिकले व्हते. खरं सांगणारा माणूस मधूनच कुठूनतरी सुरू करतो, मागं जातो, चुकतो, परत सांगतो. खोटं सांगणारा पहिल्यापासून शेवटापस्तोर नीट सांगतो. शांताचं लई नीट व्हतं. कुणीतरी तिला पढवून बसवलेलं.

मी इचारलं, कागद कुठं छापले? म्हणाली, शहरात. कंच्या शहरात? ती चुलीतली लाकडं सारायली. कागदावर काय लिवलंय? तवा म्हणाली, "मला वाचाय येत न्हाई अक्का. सोनेरी हाय एवढं म्हाईत हाय."

बाहेर आल्यावर साहेबांना सांगितलं, ही दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायली. साहेब म्हणाले, पोलिसापुढला कबुलीजबाब कोर्टात तसा बी चालत न्हाई, पर चावी तिच्याकडं सापडली, माणसं तिची, आन आता ती सवता म्हणती मीच केलं. अबकारीवाले घाई करायले. दुसरं कुणी सापडलं न्हाई तर तीच पहिली आरोपी. कलबुर्गीच्या जेलात जाईल ती. सासूला कोण बघंल, ते आमच्या कुठल्याच कागदात लिवायला जागा न्हवती.

कामून असं केलं असंल, ते मला वस्तीतल्याच एका बाईनं नंतर हळूच सांगितलं. मालकाच्या माणसानं निरोप दिलता, तू घे अंगावर, जामीन मी करतो. न्हाईतर सगळ्या बाया आत जातील, लेकरांसकट. त्यांना तूच आणलीस न्हवं? तेवढं तिला पुरं झालं.

दुसऱ्या दिशी मालखान्यात, जप्त माल ठेवायच्या खोलीत, बाटल्या मोजून लावायचं काम माझ्याकडं. साहेब सवता येऊन बसले. ते शिक्क्याची तारीख वाचायचे, मी खोक्यावर खडूनं लिवायचे. असं करता करता त्यांनी एक तारीख वाचली आन माझा खडू थांबला. ती येळवशीची तारीख.

तुमच्याकडं येळवस न्हाई, तर सांगते. मार्गशीर्ष सरताना जी अमावस्या येती ती. त्या दिवशी आमच्याकडं बिदरला, कलबुर्गीला, तिकडं लातूर उदगीरला, गावात कुत्रं बी राहत न्हाई. समदं गाव रानात. कडब्याची कोप, म्हंजे खोपी, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, आन मग जेवण. पालेभाज्या आन हिरवे दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलानं भरलेली मातीची बिंदगी. ज्याला रान न्हाई त्याला रानवाले बलवतात. वाटंनं चाललेला माणूस दिसला की हात धरून नेतात, मग तो कुणी का असंना. एसटी रिकामी जाती, बाजार बंद, चहा बी मिळत न्हाई.

साहेब मैसूरकडचे, त्यांना त्या सणाची सवय न्हवती. पर त्यांना तो दिवस आठवला. हसून म्हणाले, अक्का, त्या दिवशी मी दुपारपस्तोर उपाशी बसलो व्हतो, मेसवाला बी पळाला व्हता. मग गावातून कुणीतरी मडकं पाठवलं, त्यातलं आंबट पिऊन मी सेंट्रीला बी पाजलं. आन हसता हसताच थांबले. म्हणाले, मग ह्या बाटल्या कुणी भरल्या?

बाटल्या परत बघितल्या. त्या खोक्यातल्या बाटल्यांचे कागद वाकडे, फुगलेले, कडंला गोंद सांडलेला. शांताच्या बायांचं काम असं न्हवतं.

मी एकलीच शांताकडं गेले. बोलता बोलता इचारलं, येळवशीला बी बाटल्या भरल्यास का?

ती एकदम उसळली. "येळवशीला? येडी हाव का मी? आमी पांडव मांडत न्हाई, आमचा धर्म येगळा. पर येळवशीला घरात बसावं एवढं बी आमाला कुणी परकं केलेलं न्हाई. म्या सासूला पाठीवर घिऊन रानात गेलते. इचारा कुणाला बी." आन मग तिच्या ध्यानात आलं आपण काय बोललो ते. तोंडाला पदर लावून बसली.

कोपऱ्यातून सासू म्हणाली, "व्हय की, पाठीवर न्हेलं. वाटंत मला दोनदा खाली बी पाडलं रांडंनं." शांताला हसू आलं आन रडू बी आलं. मी म्हणलं, शांता, मग त्या दिशी शेडात कोण व्हतं? तिनं मुंडी हालवली. "मला इचारू नका अक्का. माझ्या जिभंवर बारा घरं हाईत."

तिला जोर लावला न्हाई. लावला असता तर बोलली बी असती, पर असं काढलेलं बोलणं कोर्टात उभं राहत न्हाई. साहेब म्हणाले, येळवशीला सगळी माणसं रानात, म्हंजे शेडाच्या आजूबाजूला डोळेच डोळे असतील की.

शेडाला लागूनच एका म्हाताऱ्या धनगराचं रान. बाप आजा मेंढरं हाकीत आलेले, आता चार एकर तूर आन ज्वारी. आमी गेलो तवा म्हातारा बांधावर बसलेला, म्हातारी शेण्या थापायली. मी इचारलं, अण्णा, येळवशीला शेडात कुणी आलतं का? म्हातारा मोकळ्या मनानं सांगाय लागला. व्हय, मालक आलता की. गाडी हितंच लावली व्हती, संगं दोन गडी. दुपारी मी हाक मारली, पाव्हणं, येळवशीला उपाशी कामून राहताव, या. आला बिचारा. कोपीम्होरं मांडी घालून जेवला. भज्जी दोनदा घेतली. म्हातारी तिकडून म्हणाली, गड्यांना म्हणून स्टीलचा डबा भरून न्हेला, त्यो आजूक आला न्हाई परत.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. म्हंजे कधीच पाऊल न ठेवलेला माणूस ह्या रानात जेवून गेलता.

पर आमी हे कामून इचारायलाव ते सांगितलं तशी म्हाताऱ्यानं मान हालवली. म्हणाला, "ते मी लिवून देणार न्हाई बाई. येळवशीला माझ्या कोपीत जेवला त्यो. जेवू घातलेल्या माणसाला मी जेलात घालू? माझ्या बापानं असं केलं न्हाई."

म्हातारी म्हणाली, "आन ती शांती? ती जाऊ दे जेलात? तिची सासू बी त्याच दिशी पल्याडच्या रानात जेवली की."

"तू गप."

"कामून गप? खाल्लं ते खाल्लं म्हणायला काय हुतंय?"

म्हातारा उठून गेला. समन्स काढून आणता आला असता त्याला. साहेब म्हणाले, आणून काय करू, उभा राहील आन मला आठवत न्हाई म्हणंल. खरं व्हतं ते. साक्षीदाराला गाडीत बसवून आणता येतं, त्याचं तोंड आणता येत न्हाई.

पर दोन दिसांनी म्हातारा आपणहून ठाण्यात आला. डोक्याला पटका, हातात काठी, मागं म्हातारी. साहेबाच्या तोंडावर सांगाय आलता, की मी साक्ष देणार न्हाई, उगं माझी वाट बघू नका. असा माणूस. न देणार हे सांगाय सुद्धा दोन कोस चालत आला.

योगायोग असा की त्याच येळंला मालक साहेबापुढं खुर्चीवर बसलेला. छाप्यात शेडापाशी जप्त झालेली बेदाण्याची गाडी सोडवायच्या कागदावर सही कराय आलता. म्हातारा दारात थबकला. मग आत आला, हात जोडले आन म्हणाला, "राम राम पाव्हणं. बरं हाय न्हवं?"

मालकानं त्याच्याकडं बघितलं. मी त्याच्या समोरच उभी व्हते, त्यानं ओळखलेलं मला दिसलं. मग त्यानं मान फिरवली आन साहेबाला हिंदीत म्हणाला, हा कोण? मी ह्याला वळखत न्हाई.

म्हाताऱ्याला हिंदी चांगलं समजायचं, निजामाच्या राज्यातला जन्म त्याचा. त्याला वाटलं मालकाला नीट दिसलं नसंल. आजूक म्होरं गेला. म्हणाला, "अहो, येळवशीला न्हाई का जेवलाव? माझ्या रानात. ही बघा, हिनं वाढलं तुमाला."

"मी कुणाच्या रानात जेवलो न्हाई. चूक होतीय तुमची."

वायरलेस तेवढा खरखरत व्हता. म्हातारी मागून निसतं म्हणाली, दोनदा भज्जी घेतली की वो.

म्हातारा काठीवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या तोंडावर राग न्हवता, ते मी आजूक सांगते. कुणीतरी अंगणात येऊन ताट पालथं करून गेल्यावर माणूस जसं बघतं तसं बघत व्हता. मग साहेबाकडं वळला.

"साहेब, आता लिवून घ्या. पाव्हणा व्हता तवर माझं तोंड बांधलेलं व्हतं. आता त्योच म्हणतोय मी पाव्हणा न्हवं."

मी त्याचा जबाब साहेबाला कन्नडात सांगितला, रायटरनं लिवला, वाचून दावला. म्हाताऱ्यानं अंगठा केला. मालकाचा वकील मधी मधी बोलाय गेला, तर साहेब म्हणाले, तुमचा माणूस रानात आलाच न्हाई म्हणताव ना, मग तुमाला ह्या जबाबाची काळजी कशाला.

त्याच दुपारी शेड परत तपासलं. पिंपामागं एक स्टीलचा डबा सापडला. आमच्याकडं भांड्यावर नाव टोचून घेतात, लग्नात इकडची तिकडं होतात म्हणून. डब्यावर म्हाताऱ्याचं नाव ठळक. म्हातारी पंच म्हणून आलेल्या माणसाला म्हणाली, डबा मला कवा मिळंल? तिला सांगितलं, केस सरल्यावर. म्हणाली, मग मेल्यावर द्या. अगदी तसं न्हाई झालं, पर लई वर्सं ती सावकारावाणी मला त्या डब्याचं इचारायची.

डबा सापडला तसा त्या दोन गड्यांचा पत्ता काढला. ते सापडले, बोलले, मग पाणी आपल्या वाटंनं गेलं. येळवशीच्या दुसऱ्या दिशी मोठी आर्डर पोचवायची व्हती. बाया कामाला येईनात, शांता हात जोडून म्हणाली उद्या करू, तर मालकानं सवताच दोन गडी घिऊन बाटल्या भरल्या, कागद चिटकवले, शिक्का मारला. कागद वाकडे म्हणून हॉटेलवाल्यांनी त्यातली काही खोकी परत धाडली, तीच आमाला शेडात सापडली. त्याला वाटलं एका दिसाच्या सुट्टीनं काय हुतंय. इथल्या माणसाला इचारलं असतं तर कुणी बी सांगितलं असतं, त्या दिशी आमच्याकडं बाटली भरत न्हाई कुणी.

मग मी शांताकडं गेले, सगळं सांगितलं. बायांवर काही येणार न्हाई, साहेबांनी जबाबदारी घेतलीय, हे बी सांगितलं. तवा ती बोलली. आन ह्या टायमाला मधूनच सुरू केलं, मागं गेली, चुकली, परत सांगितलं. ऐकून मला बरं वाटलं. मालकच द्राक्षं आणायचा, आपल्याकडचीच, इथल्याच शिवारातली, निर्यातीला न चाललेली. कागद तोच आणायचा. तिला सांगितलं व्हतं की ह्याच्यावर आपल्याच शेडाचं नाव हाय. तिचं नाव आरोपीतून निघालं, साक्षीदारात गेलं. जेलची पायरी तिला चढावी लागली न्हाई.

खटला लई वर्सं चालला. मालकाला सजा झाली, दंड झाला. त्याआधी कोर्टाच्या हुकमानं माल नष्ट करायचा व्हता. शेडामागंच खड्डा केला. अबकारीवाले आले, पंच आले, खोऱ्यातला तो टोपीवाला म्हातारा बी आला. बाटल्या फोडून खड्ड्यात वतायल्या. वस्तीतल्या बाया बांधावर उभ्या राहून बघायल्या. त्यांचं काम गेलतं, त्या काही खुश न्हवत्या. ते बी खरं. चोर धरला की ठाण्यात पेढे वाटतात, पर त्या वस्तीत चुली थंड झाल्या. आपल्या कामात हे असतंच, कुणी लिवत न्हाई.

शांता माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "अक्का, लई वाईट व्हती का ती दारू?"

तपासणीत ईष निघालं न्हवतं. मी टोपीवाल्या म्हाताऱ्याला इचारलं. त्यानं जरा इचार केला आन म्हणाला, "द्राक्ष वाईट न्हाई बाई तुमच्याकडचं. मुरू दिलं न्हाई, साखर कोंबली, घाई केली. आन नाव आमचं लावलं. इथल्या द्राक्षाला इथलं नाव लावून नीट केली असती, परवाना काढून, तर मी सवता विकत घेतली असती एक."

शांतानं ते ऐकलं. खड्ड्यातली काळी माती लाल हुईत चालली व्हती.

मी त्या केसमधनं काय शिकले, असं कुणी इचारलं तर सांगते. पोलिसाला वाटतं मार दिला, धाक घातला की माणूस बोलतो. बोलतो बी. पर त्या धनगर म्हाताऱ्याला आमी काहीच केलं न्हवतं. त्याचा एक नेम व्हता, आन त्यो नेम दुसऱ्यानं मोडला तवाच त्याचं तोंड उघडलं. माणसाचा नेम कुठं हाय ते आधी बघावं, मग इचारावं. आन ते खोऱ्यातले लोक बाटलीवरच्या नावासाठी एवढं कामून करतात, ते बी मला त्या दिशी ठाण्यात कळलं. कुठलं हाय ते खरं सांगायचं, एवढंच तर मागतात. जेवलो त्या रानाचं नाव सांगायला त्या मालकाला काय झालतं?

आता मी रिटायर हाय. ठाण्याची नवी इमारत झाली, बायांसाठी येगळी खोली, नळ, समदं झालं. नव्या पोरी वर्दीत बघितल्या की बरं वाटतं. तरी बी कवा कवा ती जुनी कौलाची इमारत, तो खरखरणारा वायरलेस, मालखान्यात खडू धरून बसलेली मी आन तारखा वाचणारे साहेब, असं समदं आठवतं आन जीव तिकडंच जातो.

शांता मागच्या साली भेटली, कलबुर्गीच्या बाजारात. केस पांढरे झालेले. सासू गेली म्हणाली. आता एका डाळीच्या गिरणीत पोत्यांवर कागद चिटकवायचं काम करायली, म्हणाली, आन हाताखाली बाया बी हाईत. मी म्हणलं, परत कागदच का गं? भीती न्हाई वाटत?

"वाटायची की. पहिल्या दिशी मी गिरणीच्या मालकाला म्हणलं, आत काय हाय ते मला दिसतंय. वर काय लिवलंय ते आधी वाचून दावा, सगळ्या बायांपुढं, मग हात लावते."

मी इचारलं, मग?

"हसला. पर वाचलं. आता कागदाचा नवा गठ्ठा आला की त्यो सवताच बलवतो आमाला, शांताबाई या, वाचायचं हाय म्हणतो."